आवतन राहिलेला नंदी

मी एक जुना लाकडी नंदी आहे. मित्रांनो, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरी धरून ओढतात ना, त्या चाकांच्या नंदींपैकीच मी एक. माझं एक शिंग निखळलं आहे, मागचं एक चाक अडतं आणि अंगावरचा रंग कुठे आहे, कुठे नाही. अस्सल सागाचा म्हणून टिकलो इतकंच.

हिंगणीच्या तानबा सुताराने मला घडवलं आणि वर्ध्याच्या महादेवरावांनी मला आपल्या प्रफुलसाठी आणलं. खाली त्यांचं रंगांचं दुकान, वर घर. प्रफुल मला घेऊन दारोदार फिरायचा आणि लोक त्याच्या हातावर बोजारा ठेवायचे, म्हणजे खाऊ नि चिल्लर. मोठा झाल्यावर त्याने दोरी सोडली, पण कुंचला धरला. दरवर्षी तो माझी शिंगं लाल रंगवायचा, पाठीवर झूल काढायचा. ते पाहून गल्लीतली सगळी पोरं आपापले नंदी घेऊन त्याच्याकडे येऊ लागली. श्रावण संपत आला की दुकानाच्या पायरीवर नंदींची रांग लागायची आणि मी सगळ्यांचा थोरला म्हणून ऐटीत उभा राहायचो.

प्रफुलची आई सुलोचनाबाई शेतकऱ्याची लेक. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचा खांदा शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला कोमट तुपात कालवलेली हळद चोळतात आणि मग बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. दुकानदाराच्या घरी कुठले आले बैल? म्हणून सुलोचनाबाई माझाच खांदा शेकायच्या. शेजारणी हसायच्या, की लाकडाला कसला आलाय खांदा. हसोत बापड्या. मला मात्र ती ऊब वर्षभर पुरायची.

प्रफुलला स्थळं येऊ लागली आणि त्याची झोप उडाली. त्याचा जीव कैलासवर जडला होता. कैलास एसटीच्या वर्कशॉपात कामाला. त्याचा फोन आला की प्रफुल गच्चीवर पळायचा. घरात त्याचं नाव निघू नये म्हणून 'एक दोस्त म्हणत होता' असं बोलायचा. पवनारला नदीवर दोघं एका दगडावर बसायचे आणि कोणी आलं की दोन दगडांवर व्हायचे. हे सगळं तो मला रंगवताना सांगायचा. घरी कसं सांगायचं याची तालीमही त्याने माझ्यासमोरच केली. मी काय बोलणार? ऐकून घेतलं.

शेवटी आर्वीच्या मुलीकडे पाहायला जायचा दिवस ठरला, तेव्हा तो बापासमोर उभा राहिला.

"बाबा, मी त्या पोरीची जिंदगी खराब नाई करत. मले बायकोच नाई पाह्यजे. माह्यं मन कैलासवर हाये."

महादेवराव ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बजारात कोणाले मालूम हाये?" सुलोचनाबाई उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि ते त्याला जास्त लागलं.

प्रफुल कैलाससोबत पवनारला खोली करून राहू लागला. दुकानात मात्र रोज यायचा, कारण रंग मिसळून हवी ती छटा जमवावी तर त्यानेच. पण त्याची जागा बदलली. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून महादेवरावांनी त्याला मागच्या गोदामात बसवलं. जेवायला वर बोलावणं बंद झालं. तो डब्यांच्या थप्पीआड आपला डबा उघडायचा. गल्लीतल्या आयाबाया गोड बोलून सांगून गेल्या, की आता बाजारात रंगवलेलेच नंदी मिळतात. पायरीवरची रांग गेली. मलाही गोदामात टाकलं आणि तिथेच ड्रमच्या धक्क्याने माझं शिंग गेलं.

फायदा काहीच झाला नाही असं मी म्हणणार नाही. आता कैलासचा फोन तो जागेवरच घ्यायचा. "भाजी मी आणतो, तू कणीक भिजव," असं सरळ बोलायचा. पण एकदा सांगितलं की सुटलो, असं त्याला वाटलं होतं, ते काही खरं नव्हतं. घरमालक विचारी, न्हावी विचारी, दवाखान्यातली बाई विचारी, की लग्न झालं का, घरी कोण असतं. दर वेळी नव्याने ठरवायचं, की सांगावं की गिळावं. दोन्हींनी माणूस थकतो.

त्यानंतरच्या पोळ्यांनाही सुलोचनाबाई माझा खांदा शेकत राहिल्या. पण आवतन मात्र देईनात. तूप चोळायच्या आणि वाटी उचलून निघून जायच्या.

या वर्षीही तशाच आल्या. प्रफुल ड्रम सरकवत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "याले आवतन काऊन नाई देत तू आता?"

"पोराले न बोलावता लाकडाले कसं बोलावू?"

ड्रम तिथेच राहिला. तो खांदा धरून खाली बसला.

"खांदा दुखते का?" त्यांनी विचारलं.

"दुखते. थकलो वं आई मी."

सुलोचनाबाई त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या शर्टाची वरची बटणं काढली आणि वाटीत उरलेलं हळदीचं तूप त्याच्या खांद्याला चोळू लागल्या. बराच वेळ चोळलं. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आणि थांबून म्हणाल्या, "दोघंही येजा जेवायले."

"आन् बाबा?"

"त्यायले मी पाहून घेईन."

दुसऱ्या दिवशी महादेवराव लवकर जेवून दुकानात जाऊन बसले. पण वर दोन पाटांवर प्रफुल आणि कैलास शेजारी बसले, आणि सुलोचनाबाईंनी दोघांना आग्रह करून पुरणपोळी वाढली.

मित्रांनो, माझं शिंग अजून मोडकंच आहे आणि पायरीही रिकामीच आहे. पण माझी तक्रार नाही. तुम्ही एवढं करा. तुमच्याही घरात कोणीतरी न दिसणारं ओझं ओढत असेल. 'लोक काय म्हणतील' हे त्याला नंतर विचारा. आधी त्याचा खांदा पाहा आणि तूप कोमट आहे तोवर त्याला आवतन द्या.