सगळ्यांचं दिसतं, आपलंच दिसत नाही

सोमवारी सकाळी विनिताच्या लॅपटॉपवरून घरचं वाय-फाय नाहीसं झालं. यादीत शेजारपाजारच्या नऊ जणांची नावं होती. त्यात मागच्या गल्लीतल्या ब्युटी पार्लरचंही होतं. फक्त 'भाविका-दिपेश' नव्हतं.

ते नाव तिला तसंही खुपायचं. कुळगावातलं घर सासऱ्यांचं, हॉलमधला राउटर रोज पुसायची विनिता, आणि नाव मात्र चार महिन्यांपूर्वी आलेल्या धाकट्या जावेचं आणि दिराचं. भाविकाची नोकरी घरबसल्या, म्हणून नवीन राउटर आला. बसवणाऱ्याने नाव काय ठेवायचं विचारलं, तेव्हा भाविकाच तिथे उभी होती.

विनिताने लॅपटॉप बंद करून चालू केला. कडेचं वाय-फायचं बटण दोनदा मागेपुढे केलं. राउटरची पिन काढून परत लावली. मोबाइलवर नेट झक्क चालत होतं, म्हणजे राउटर ठीक होता. तिने लॅपटॉप नेऊन थेट राउटरखाली ठेवला, तरी नाही.

"म्हातारा झालाय तो," तिचा नवरा हरेश म्हणाला. "चष्मा लावून दे त्याला."

ती हसली नाही. तो लॅपटॉप लग्नात अंबरनाथच्या माहेराहून आला होता. बारा वर्षं या घराचे सगळे कागद त्यावरूनच निघाले होते. मुलांचे दाखले, मीटरची तक्रार, सासऱ्यांचा सातबारा. गल्लीतली माणसंही दारात येऊन विचारायची, "विनितावहिनी हायेत का? फॉर्म भरायचा होता." त्या हाकेसाठी ती हातातली पोळी तव्यावर सोडून यायची.

मंगळवारी सासरे, हरिचंद्र, सोसायटीत द्यायला सातबारा हवा म्हणून आले. विनिताचं नेट बंद. भाविकाने मांडीवरचा लॅपटॉप न हलवता दोन मिनिटांत उतारा काढून दिला.

"बग गो, किती पटकन," सासरे विनितालाच म्हणाले.

बुधवारी ती उल्हासनगरला गेली. दुकानदाराने लॅपटॉप उघडला आणि दुकानातलं वाय-फाय लगेच जोडून दाखवलं.

"भाभी, मशीन में कुछ नहीं है."

"मग घरी का दिसत नाही?"

"राउटर दो तरह का सिग्नल देता है. टू पॉइंट फोर और फाइव. ये पुराना मॉडल है, इसको फाइव दिखता ही नहीं. घर में किसी ने टू पॉइंट फोर बंद किया होगा."

किसी ने. परतीच्या वाटेवर तो शब्द तिने चघळून चघळून चोथा केला.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाविका, नेटचं काही केलं होतंस का गं?"

"हो ना ताई. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा माझा. सोमवारी सेटिंग बदललं. आता मस्त चालतंय, नाही?"

"मस्त," विनिता म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. इतक्या गोड आवाजात कोणी खरं बोलत नाही, असं तिचं पक्कं मत झालं. आपल्याला घरातून काढता येत नाही, म्हणून नेटवरून काढलं.

गुरुवारी अकरा वाजता भाविका खोलीत मीटिंगला बसली. दार लोटलेलं. विनिताने राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पत्ता आणि पासवर्ड मोबाइलमध्ये टाकला. सेटिंगचं पान उघडलं. टू पॉइंट फोर बंद होतं. तिने ते चालू केलं. लॅपटॉपच्या यादीत दहावं नाव उमटलं आणि आपणहून जोडलंही गेलं.

काम झालं होतं. पण तिचं बोट त्याच्या खालच्या ओळीवर गेलं. फाइव. चालू. आत भाविका कोणाला तरी इंग्रजीत काही समजावत होती आणि पलीकडचा माणूस सारखा "करेक्ट, करेक्ट" म्हणत होता.

विनिताने फाइव बंद केलं.

आवाज थांबला. एक, दोन, तीन, चार. विनिता राउटरपाशीच उभी होती. दार उघडेल, भाविका घाबरीघुबरी होऊन बाहेर येईल, "ताई, जरा बघता का?" म्हणेल. काय बोलायचं तेही तिचं ठरलं होतं.

"सॉरी, मध्येच अडकलं. येतोय ना आवाज आता?" आतून भाविका म्हणाली आणि पुढे बोलू लागली.

भाविकाच्या नव्या लॅपटॉपला दोन्ही सिग्नल दिसत होते. एक गेलं, त्याने दुसरं धरलं. नेमकं विनिताने आत्ताच चालू केलेलं.

तिने फाइव परत चालू केलं, राउटर सरळ ठेवला, त्यावरचे बोटांचे ठसे पदराने पुसले. आता दोघींचंही चालेल. तेवढं तरी झालं, असं तिने स्वतःला सांगितलं.

थोड्या वेळाने हरिचंद्र दुसऱ्या जमिनीचा कागद घेऊन आले. लोटलेल्या दाराशी थबकले.

"द्या बाबा, मी काढते," विनिता म्हणाली. "माझं नेट आलं."

"राहू दे गो. ती मोकली झाली का देल काढून. तुझ्या मशिनीला लय टाइम लागतंय." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते दिवाणावर बसले आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

विनिता समोर लॅपटॉप घेऊन बसली. जिल्हा, तालुका, गाव. गट नंबर तिला पाठ होता. पान सावकाश भरत गेलं, पण भरलं. पडद्यावर सासऱ्यांचं नाव आलं, त्याखाली त्यांच्या तिन्ही भावांची.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला नाही. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं. आत भाविका कशावर तरी हसली. दाराकडे तोंड करून दोघंही मीटिंग संपायची वाट बघत बसली.