बाबागाडीची सकाळची फेरी

आमची मुलगी कुठेही झोपते, फक्त ती जागा हलती पाहिजे. बाबागाडीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं की तिची मान पडते आणि गाडी थांबली की डोळे उघडतात. उघडल्यावर ती आधी गाडी थांबवणाऱ्याकडे बघते. रडणं नंतर. त्या बघण्याला घरातले सगळेच वचकून आहेत.

हे असंच चालू राहिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती, कारण गाडी ढकलण्याचं काम माझ्याकडे नव्हतंच. ते अण्णांकडे होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात बस चालवण्यात गेली. निवृत्त झाले तरी बस काही अंगातून गेली नाही. नातीला ते पॅसेंजर म्हणतात. सकाळचं खाणं झालं की बूट घालून गाडी दारात लावायची, आत डोकावून "पॅसेंजर आली का?" असं विचारायचं आणि निघायचं. पाण्याच्या टाकीला वळसा, मग बाजारामागचा रस्ता, मग बस डेपोचं फाटक. तिथे जुने सोबती चहा पीत उभे असतात. अण्णा एका हाताने चहा पीत आणि दुसऱ्या हाताने गाडी मागेपुढे करत. परत येईपर्यंत मुलीची सकाळची झोप झालेली असायची, आणि माझी आंघोळ, स्वयंपाक, कपडे आणि नशीब जोरावर असलं तर वहीतल्या चार ओळीही.

"माझ्या गाडीत कोण जागं राहिलंय?" असं अण्णा म्हणत. त्यांच्या बसमध्ये लोक झोपेत आपला स्टॉप घालवत आणि वर उतरताना त्यांचेच आभार मानत, असं ते सांगतात. मी विश्वास ठेवते. पुरावा रोज घरी येत होता.

अडचण काढली ती पाळणाघराच्या बाईंनी.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. रजा संपत आली होती आणि लॅबचे मालक फोनवर फार मायेने बोलायला लागले होते, म्हणजे माझ्या जागेवर बसवायला त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. म्हणून मी पाळणाघर गाठलं. बाईंनी दूध विचारलं, ताप विचारला, दात आले का ते विचारलं. मग म्हणाल्या, "झोपते कशी?"

"गाडीत."

"कुठल्या गाडीत?"

"बाबागाडीत. चालत्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, माझ्याकडे मुलं ढीगभर आणि बाया दोन. आम्ही कुणाला ढकलत नाही. इथे सगळी गादीवर पडतात आणि आपली आपण झोपतात. एक रडलं की सगळी उठतात, मग आम्हीही रडायला लागतो. एक तारखेपर्यंत शिकवा. नाही जमलं तर माझ्याकडे रांग आहे."

घरी येऊन मी मोबाइलवर झोप शिकवण्याचे सगळे मार्ग वाचले. ते एकमेकांना खोटं पाडत होते, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. झोपेच्या वेळी मूल घरात पाहिजे, गाडीत नको. अंधार करायचा, रोज एकच गाणं म्हणायचं, जागं असतानाच पलंगात ठेवायचं आणि बाहेर यायचं. सकाळची झोप म्हणजे अण्णांच्या फेरीची वेळ.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचे बूट घालून झाले होते.

"आज तिला घरीच झोपवते, अण्णा. सवय लावायचीय."

"घरी कोण झोपतं?" अण्णा म्हणाले.

"सगळं जग झोपतं."

"त्यांच्याकडे गाडी नसेल."

"तुम्ही तिला उठल्यावर न्या ना. किंवा संध्याकाळी."

"उठल्यावर ऊन. संध्याकाळी ट्रॅफिक."

"मग आता एकटेच जाऊन या. चहा होईल, गप्पा होतील."

"बघू," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. बूट मात्र काढले नाहीत. कालचा पेपर उघडून तो आजचा असल्यासारखा वाचायला लागले.

आत मुलीने अंधाराचा, गाण्याचा आणि माझा एकत्रित निषेध सुरू केला. नवरा त्या दिवशी घरी होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं याचं त्याला कंपनीने रीतसर शिक्षण दिलेलं आहे. तो बंद दाराला तोंड लावून म्हणाला, "घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. आमचा माणूस पोचतोय."

"कुणी पोचत नाहीये," मी म्हणाले. "तोच तर धडा आहे."

"असं अडकलेल्याला सांगायचं नसतं."

अण्णांनी पेपर उलटला. "माझ्या गाडीत एकदासुद्धा रडली नाही," ते पेपरला म्हणाले.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. मी दाराबाहेर जमिनीवर बसून राही. ती रडायची थांबली की रडणं का थांबलं म्हणून माझा जीव वरखाली होई, आणि पुन्हा सुरू झाली की हायसं वाटे. मग एक दिवस ती थोडीच रडली, स्वतःशी काहीतरी लांबलचक बोलली आणि झोपली. स्थिर पलंगात, आपली आपण. मी आत जाऊन बघितलं. तिने मूठ गालाखाली घेतली होती. मला आनंद झाला आणि त्याबरोबरच, आता हिला माझी गरज नाही, असंही वाटून गेलं. पण ही अडचण कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

पाळणाघराचं काम होत आलं होतं. बिघडलं होतं ते अण्णांचं. त्या पहिल्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नव्हते. बूट रोज घालत आणि जेवायला बसताना काढत. चहा घरी नको म्हणत. पाय सुजायला लागले होते. "फिरून या ना," म्हटलं की "काय काम आहे बाहेर?" मी मुद्दाम औषधाच्या दुकानातून काहीतरी आणायला सांगितलं, तर म्हणाले, "तुझा नवरा येताना आणेल. त्याच्या वाटेवर आहे." दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे.

मला वाटलं, रुसलेत. नात हातची काढून घेतली म्हणून. मनात म्हटलं, बसतील दोन दिवस फुगून आणि येतील ताळ्यावर.

मग एका सकाळी मुलगी पलंगात झोपलेली असताना बाहेरचं दार हळूच लागल्याचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. लिफ्टने उतरून खाली अण्णा चालले होते. हातात बाबागाडी. तिचं छत पुढे ओढलेलं आणि आत दुपट्याखाली काहीतरी गुबगुबीत. धावत पलंगापाशी गेले, मुलगी जागेवर होती. दिवाणखान्यातल्या खुर्चीतली उशी जागेवर नव्हती.

पुन्हा खिडकीशी आले. समोरच्या इमारतीतल्या काकू अण्णांना थांबवून छताखाली डोकावू बघत होत्या. अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. काकू टाचा उचलून बाजूला झाल्या. अण्णा पुढे निघाले, ताठ, छान लयीत, बस रस्त्याला लागावी तसे.

औषधाच्या दुकानापाशी ते थांबले. दुकानाला एकच पायरी आहे. गाडी खाली ठेवून ते पायरीकडे वळले आणि गाडीचा दांडा सुटला तसे त्यांचे हात हवेतच काहीतरी शोधू लागले. एक पाय उचलला, परत ठेवला. भिंत धरली. मग भिंत सोडून गाडी धरली आणि दुकानदाराला रस्त्यावरूनच हाक मारली. तो औषध बाहेर घेऊन आला आणि देताना त्यानेही छताखाली बघायचा प्रयत्न केला. अण्णांचं बोट पुन्हा ओठांवर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगी व्हायच्या आधी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वॉकर सांगितला. अण्णांनी तो दुकानात एकदा हातात धरला आणि "याला हॉर्न नाही," म्हणून परत केला. काठी आणली, ती कपाटावर गेली. पुढे ते बरेच दिवस घरातच बसले आणि मग मुलगी आली, बाबागाडी आली आणि अण्णा रोज फिरायला लागले. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, नातीने आजोबांना पायावर उभं केलं. सगळे गहिवरत. गाडीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा मी दार उघडलं. उशी अजून दुपट्यात होती.

"चाकं बघत होतो," अण्णा म्हणाले. "आवाज यायला लागलाय."

"गेला का?"

"एका फेरीत कसा जाईल? चालवावी लागेल थोडे दिवस."

"आणि उशी?"

"रिकाम्या गाडीचा आवाज कळत नाही नीट."

"बरोबर," मी म्हणाले आणि उशी खुर्चीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मीच गाडीत घालून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डेपोपर्यंत जाऊन चहा घेतला. फाटकावर कुणी बाळ बघायला मागितलं तर त्यांनी काय केलं असेल, हे मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात जेवताना नवरा म्हणाला, "ती आता पलंगात झोपते, तर गाडी पडूनच आहे ना? आमच्या कंपनीतल्या एकाला मुलगा झालाय. उद्या देऊन टाकतो."

अण्णांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"नाही द्यायची," मी म्हणाले.

"का?"

"चाकांना आवाज येतो."

"मग मी तेल घालतो. माझं कामच ते."

"अण्णा बघतायत ते," मी म्हणाले. अण्णा आमटी वाढून घेत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण आमटी आधी मला वाढली.

नंतर भांडी घासताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ एकच ताट पुसत राहिला. म्हणाला, "काठी काढतो मी वरून."

"काढ. आणि तूच दे त्यांच्या हातात."

त्याने विचार केला. "नको," म्हणाला.

"तेच."

"पण म्हणून जन्मभर उशी फिरवणार का ते? कुणाला तरी कळेलच की. मग परत घरी बसतील, आणि या वेळी कायमचे."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. काकू तर आधीच म्हणाल्या होत्या की बाळ फारच शांत आहे, एकदा डॉक्टरला दाखवा.

एक तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा मी अण्णांसमोर जाऊन बसले. "अण्णा, पाळणाघर माझ्या लॅबच्या उलट्या बाजूला आहे. तिला सोडून जायचं तर मला रोज उशीर होईल. तुम्ही नेऊन सोडाल?"

"गाडीतून?"

"मग काय खांद्यावर?"

अण्णांनी पेपर घडी घालून ठेवला. तो त्या दिवसाचाच होता. "रस्ता माझ्या पायाखालचा आहे," ते म्हणाले.

"एक अट आहे. वाटेत तिला झोपू द्यायचं नाही. गाडीत डुलकी लागली तर तिथे गादीवर झोपणार नाही, रडेल, सगळ्यांना उठवेल आणि बाई तिला परत पाठवतील. मग लॅब गेली माझी."

मी त्यांच्याकडे काय मागत होते ते मला कळत होतं. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच करायची नाही, असं मी सांगत होते.

"म्हणजे खराब चालवायची," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, अण्णा."

"बघतो," ते म्हणाले. "तसं शिकलेलो नाही, पण तसं चालवणारे नवे ड्रायव्हर बरेच शिकवलेत."

एक तारखेला पॅसेंजर गाडीत बसली. गल्लीच्या तोंडापर्यंत मी बरोबर होते. तिथून माझा रस्ता वेगळा. तिथे पोचेपर्यंतच तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दांडा घट्ट धरला आणि कचकन ब्रेक मारला. मुलीने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं, त्या तिच्या नजरेने. अण्णांनी ती नजर झेलली.

"पाण्याची टाकी," ते मोठ्याने म्हणाले. "उतरणारे पुढे या."

मग गाडी एका खड्ड्यात घातली, बाहेर काढली, आणि पुढच्या खड्ड्याकडे वळवली. मी तिथेच उभी राहिले. ते दूर जाताना मला दिसत होते. थोडं चालायचे, गाडी गचकन थांबवायचे, वाकून काहीतरी सांगायचे, पुन्हा चालायचे. मुलगी रडत नव्हती. कुणालातरी उद्देशून रागाने सलग बोलत होती.

लॅबमध्ये माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली नव्हती, पण मालकांनी खुर्ची पुसून ठेवली होती, कुणासाठी ते कळेना. मी मेणात दात बसवायला घेतले. पहिला तिरका बसला. काढून परत बसवला. बाजूला ठेवलेल्या मोबाइलकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

दुपारच्या आधी पाळणाघरातून फोन आला. हाताला मेण लागलेलं तसाच घेतला.

"झोपली," बाई म्हणाल्या. "थोडं बडबडली आणि पडली. घोरतेय."

सरळ बसलेला दात मी बोटाने उगाच पुन्हा दाबला.

"ऐकताय ना? दुसरं म्हणजे, तुमचे सासरे बराच वेळ इथेच होते. निघायलाच तयार नव्हते. म्हणे, गाडी रिकामी कशी नेऊ? मग आमची धुवायची दुपटी दारात पडली होती, ती त्यांनी गाडीत भरली. डेपोच्या रस्त्यावर लाँड्री आहे, तिथे टाकतो म्हणाले. मी नको म्हटलं तर ऐकेनात. वयस्कर माणूस, मला कसंतरीच वाटलं. पाठवू का उद्यापासून आमच्या बाईलाच?"

"नको," मी म्हणाले. "त्यांनाच द्या. रोज द्या."