हरवलेल्याने जागचं हलायचं नाही

परदेशी जायच्या आधी बाबांनी महिनाभर सल्ले गोळा केले. ऑफिसातले, शेजारचे, न्हाव्याकडचे, कुठलाही चालायचा. गाळून जे उरलं ते विमानात आमच्याकडून पाठ करून घेतलं. महत्त्वाचं सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं. गर्दीत मोबाईल काढायचा नाही. हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या पर्समध्ये भरायच्या नाहीत, हे आईकडे बघून. आणि चुकामूक झाली तर हरवलेल्याने जागचं हलायचं नाही, शोधणारा येतो.

"पण हरवलेला कोण आणि शोधणारा कोण, हे कुणी ठरवायचं?" मी विचारलं.

"शोधणारा मीच असणार, वकीलसाहेब."

आमच्या घरात यावर कधी वाद झालेला नाही. म्हणून चौघांचे पासपोर्ट, मोबाईल, पैसे, तिकिटं, हॉटेलचं कार्ड, झाडून सगळं बाबांच्या कमरेच्या पाऊचमध्ये गेलं. "बाळ्या, सातवा महिना लागल्यासारखा दिसतोयस," आत्या म्हणाली. ती बाबांची थोरली बहीण, तिला सगळं माफ.

त्या दुपारी आम्ही जेवायला निघालो होतो. खाणावळ भुयारी रेल्वेच्या पुढच्याच स्टेशनाला लागून. गाडी आली, बाबा "चला, चला" करत पहिले आत घुसले आणि आमच्या नाकासमोर दार लागलं. काचेमागे त्यांचं तोंड उघडं दिसलं, मग बोगदा.

आधी आम्ही हसलो. "येऊ दे, पट्टा घालू त्याला," आत्या म्हणाली. समोरच्या फलाटावर उलटी गाडी आली. बाबा नाहीत. दुसरी आली. नाहीत. तेव्हा आईचा चेहरा पांढरा पडला.

"ह्यांनी इंजेक्शन घेतलंय," ती म्हणाली.

बाबांना मधुमेह आहे. चारचौघांत टोचून घ्यायची लाज, म्हणून हॉटेलवरच इन्सुलिन घेऊन निघालेले. त्यानंतर वेळेत पोटात काही गेलं नाही तर त्यांना दरदरून घाम फुटतो, मग ते भलतंच बोलतात, मग बोलतच नाहीत. एकदा एका लग्नात पंगतीला बसायच्या आधीच ते आडवे झाले होते. त्यांची बिस्किटं आईच्या पर्समध्ये होती. पाऊचमध्ये मावली नव्हती.

मी गणवेशातल्या एका बाईला गाठलं. शाळेतलं इंग्रजी होतं नव्हतं तेवढं ओतलं. तिला एक अक्षर कळलं नाही. मी पोटापुढे हात गोल फिरवून पाऊच दाखवला, बोगद्याकडे बोट केलं. तिने आईकडे मायेने पाहिलं आणि तिच्यासाठी खुर्ची आणली. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मला रडू यायला लागलं.

"आपण जाऊ या," मी म्हणाले.

"नको. आपण हरवलोय. ते येतील."

"आई, यायचे असते तर आले असते."

"आणि आत्ताच निघाले असले तर? आपण तिकडे, ते इकडे."

आणखी एक गाडी निघून गेली. खुर्चीवर शेवटी आत्याच बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाळ्या येणार नाही. तो थांबलाय."

"कशावरून?"

"तो नियम त्याचा नाहीच, आमच्या अण्णांचा, तुझ्या आजोबांचा. लहान असताना हा बाजारात हरवला. बाजार उठला, माणसं सामान बांधून गेली. हा भाजीवालीच्या रिकाम्या गोणपाटाशेजारी उभा. चड्डी ओली झाली तरी हलला नाही. तेव्हापासून घरात शोधणारा तोच." तिने आईला ढकललं. "जा तुम्ही. मी इथे बसते. मला कोण पळवतंय? जेवायला घालूनच त्याचं दिवाळं निघेल."

"ताई, आम्ही परत येईपर्यंत..."

"नाही गं हलत. आमच्या घराण्याला सवय आहे."

गाडीत आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की हाताला मुंग्या आल्या. समोरून धडधडत दुसरी गाडी गेली. आम्ही दोघींनी माना वळवल्या. नुसता उजेड दिसला.

दार उघडताच मी पळत सुटले. फलाटाच्या टोकाला लोक कशाला तरी वळसा घालून चालले होते. मधोमध बाबा उभे होते. दोन्ही हात पाऊचवर, शर्ट घामाने चिकटलेला. चार पावलांवर खाऊचं दुकान. मी "बाबा" म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"अण्णा आले का?" त्यांनी विचारलं.

आईने पर्स जमिनीवर उलटी केली. हॉटेलातल्या साखरेच्या पुड्याच पुड्या. ती दातांनी फाडत होती, मी बाबांना खाली बसवून त्यांच्या जिभेवर ओतत होते. निम्मी साखर मिशीत. "गिळा हो, गिळा," एवढंच ती म्हणत राहिली. मग बिस्किटं. मी त्यांच्या मिशीतली साखर पुसत राहिले.

"किती वेळ लावलात," शेवटी बाबा बारीक आवाजात म्हणाले. "मी हललो नाही."

"माहितीये," आई म्हणाली.

"वकीलसाहेब, ताई कुठाय?"

"हलत नाहीये," मी म्हणाले, आणि मग मला खरंच रडू फुटलं.

आईने त्यांच्या कमरेचा पाऊच सोडला. माझा पासपोर्ट, मोबाईल माझ्या हातात दिला, स्वतःचा आणि आत्याचा पर्समध्ये टाकला, पैसे-तिकिटंही तिथेच, बाबांचा त्यांच्या खिशात खुपसला. मग जमिनीवरच्या उरलेल्या पुड्या वेचून त्या रिकाम्या पाऊचमध्ये भरल्या आणि तो पुन्हा त्यांच्या कमरेला बांधला. आम्ही दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरलं आणि आत्याला आणायला निघालो. गाडी आल्यावर बाबांना आधी चढू दिलं नाही.