शाळेचं नवं

"खा की रे! बघताय काय नुसते?"

इंदुबाईंच्या हातात सुरी आणि वर्गातल्या एकूण एक पोराच्या हातात काकडीची फोड. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला पाऊण. या आठवड्यात तिसरी-चौथीला अपूर्णांक होते आणि शाळेमागच्या वेलावरच्या काकड्या नेमक्या आताच तोडायला आल्या होत्या. हा योग सोडला तर त्या इंदुबाई कसल्या! पहिली-दुसरीची पोरंही पाट्या टाकून जवळ सरकली होती. अपूर्णांक सगळ्यांना कळला, पण खायला कोणी तयार होईना.

"कडू नाहीत रे," म्हणत बाईंनी स्वतःच एक फोड कचकन चावली.

पोरं दोन पावलं मागे सरली. चिमीने तर डोळ्यांवर हात घेतले.

"बाई, तुमी नवं खाल्लं!" देवू ओरडला. "देवाला दावल्याबिगर!"

पाड्यावर नवं पीक आधी देवाला दाखवतात आणि मगच खातात, हे बाईंना ऐकून माहीत होतं. "अरे, पण तुमच्या घरी झालं ना नवं?"

"घरचं झालं. शालेचं कुठं झालं?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. माणदेशातून नवऱ्यामागोमाग त्या इकडे आल्या होत्या. रामनाथ तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर, आणि बाई डोंगराकडच्या या एकशिक्षकी शाळेत, शाळेलगतच्याच खोलीत. भेट काय ती रविवारची. आता बोईसरच्या शाळेत जागा रिकामी झाली होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. संसार एकत्र होणार म्हणून रामनाथने नवा स्टोव्हसुद्धा आणून ठेवला होता.

शाळेचं नवं करायचं कुणी, हे विचारायला अख्खा वर्ग जिव्याआजाच्या अंगणात गेला. पाड्यात वयाने तोच मोठा. बाईंनी काकडी खाल्ल्याचं ऐकून आजा ठसका लागेपर्यंत हसला.

"देव नाय रागवत. वेलावर हायेत ना अजून? पण ज्याचं घर त्यानं नवं करायचं. शाला कुनाची?"

"सरकारची," देवू म्हणाला.

"मंग बोलव सरकारला!"

पोरं खिदळली. चिमीने मात्र बाईंचं बोट धरलं. "शाला बाईंची हाय."

"बाई तं बोयसरला जानार," आजा सरळ बोलून गेला. पाड्यावर काही लपत नाही. "आधीचे दोन मास्तर गेले, तसंच."

बाईंना वाईट वाटलं, थोडा रागही आला. कुणाचा, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

शनिवारी सकाळी पोरांनी शाळा सारवून लख्ख केली. बाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि आजा सांगेल तसं केलं. पहिली फोड पळसाच्या पानावर, देवाच्या नावाने. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "हं, खा आता!"

असा कचाकचा आवाज उठला की वळचणीच्या चिमण्या उडाल्या. "मी पाऊण खाल्ली!" "मी दोन पाव!" "म्हंजे अर्धीच की रं!" बाई हसून हसून बेजार झाल्या. इतकं सुख त्यांना इथे आल्यापासून कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात चिमीला पानांखाली दडून राहिलेली एक काकडी सापडली. पिकून पिवळीधमक झालेली.

"बाई, ही बियाची हाय. कुनाकडं देऊ?"

बाईंनी हात पुढे केला. "मला दे. आणि चुलीतली राख घेऊन ये."

संध्याकाळी रामनाथ सायकलवरून बाईंना रविवारसाठी न्यायला आला. पोरांनी त्याच्यासाठी आठवणीने पाव काकडी ठेवली होती. ती खाता खाता त्याची नजर नकाशाशेजारच्या भिंतीवर गेली.

"हे काय चिकटवलंयस भिताडाला?"

"काकडीचं बी. राखेत घोळवून."

"अन् पुढच्या पावसाळ्यात लावायचं कुणी?"

"मी," इंदुबाई म्हणाल्या.

रामनाथने उरलेली काकडी तोंडात टाकली. मग धोतराला हात पुसत म्हणाला, "स्टोव्ह हिकडंच आणतो मग."