खरवड

"गोल नको ढवळूस, आठाचा आकडा काढ," खुर्चीतून ते म्हणाले.

"काढतेय हो!" ती म्हणाली. पण भांड्यात चीजचा गोळा एकीकडे आणि वाईनचं पाणी दुसरीकडे झालं होतं.

पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्यात लेथवर लोखंड कातलं. केसाएवढी चूक त्यांना खपत नसे. वर्षातून एका रविवारी ते घरी फोंड्यू करत. टेबलाच्या मधोमध वितळलेल्या चीजचं एकच भांडं ठेवायचं आणि लांब काट्याला पाव टोचून सगळ्यांनी त्यातच बुडवायचा. त्या दिवशी ते तिला ओट्याजवळ फिरकू देत नसत. ती शाळेतली कारकून, पाव चिरण्यापुरती. पण दोन वर्षांपूर्वी कंपवाताने त्यांचे हात धरले. आज सकाळी किसणी बोटांवरून फिरली, तेव्हा त्यांनी ती तिच्यापुढे सरकवली.

"फाटलं सगळं," ती रडवेली झाली. "लेक-जावई येतीलच आता. बाहेरून काहीतरी मागवू या."

"घाबरतेस काय? उतरव खाली. कॉर्नफ्लोअर वाईनमध्ये कालव. लिंबू पीळ. आता मंद आचेवर ठेव, आणि हात थांबवू नकोस."

आवाज जुना, कारखान्यातला होता. तिचा खांदा भरून आला, तेव्हा कुठे चीज एकजीव होऊन तार धरू लागलं.

"बाबा, अगदी तुमच्या हातचं वाटतंय," जावई पहिल्याच घासाला म्हणाला.

त्यांनी काटा उचलला. पावाचा तुकडा भांड्याच्या काठावर आपटून टेबलावर पडला. दुसराही पडला.

"थांबा, मी भरवते," लेक चटकन पुढे झाली.

"नको गं. सकाळी उशिरा खाल्लंय."

सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिला ते ठाऊक होतं. तिने लेकीला डोळ्यांनीच थांबवलं.

पाहुणे गेल्यावर तिने भांडं पुन्हा आचेवर ठेवलं. तळाला तांबूस खरवड धरली होती. सुरीने ती अख्खी सोडवली आणि ताटलीत त्यांच्यापुढे ठेवली.

"ही तर दरवर्षी तू खातेस."

"यंदा करणारी मी. वाटणारही मीच."

त्यांनी खरवड दोन्ही हातांनी उचलली. ती थरथरत तोंडाकडे निघाली.

तिने पाठ फिरवली आणि टेबलावर पडलेले पावाचे तुकडे वेचू लागली. मागून कुरुमकुरुम असा आवाज येत राहिला, सावकाश, मध्येमध्ये थांबत.