एकशे बारावं पान

आता ब्रेलची पुस्तकं यंत्रातून भराभर निघतात. पण काकूंच्या काळी ती हाताने करावी लागत. दुपारची भांडी आवरली की काकू जेवणाच्या टेबलावर जाड कागद घेऊन बसायच्या आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून एकेक अक्षर टोचणीने उतरवायच्या. तेही उलटं, उजवीकडून डावीकडे. कागद पालटला की टिंबं वर उठून अक्षर सुलटं व्हायचं. टक, टक, टक.

"आला का सुतारपक्षी?" काका पेपरामागून विचारायचे.

"पक्ष्याला निदान किडा तरी मिळतो!"

काकूंना मिळायची ती पोच. अकरा वर्षं, चौतीस पुस्तकं, आणि प्रत्येकामागे अंधशाळेच्या ग्रंथालयाचं एक छापील कार्ड : 'पुस्तक मिळाले.' आवडलं का, कळलं का, कुणी हात तरी लावला का, देव जाणे. धाकटी जाऊ तोंडावर म्हणाली होती, "जाऊबाई, कशाला भाजताय या लष्करच्या भाकऱ्या?" काकूंनी हसण्यावारी नेलं, पण ते मनात राहिलं. त्या वर्षी मनगट सुजलं, तेव्हा त्यांनी काकांना सांगून टाकलं, "बस झालं. पस्तिसावं घ्यायचं नाही."

काका नेमके त्या दिवशी काहीच चेष्टा करेनात. तेच जास्त लागलं.

आठवडाभरात ग्रंथपाल दारात. स्वतः अंध, हातात पांढरी काठी, मागे खोकं घेतलेला शिपाई.

"काकू, तुमची ती दीपगृहाची कादंबरी परत आणलीय. वाचता येत नाही."

काकू पुढे झाल्या. "चुका राहिल्या का हो? मी दोनदा तपासलं होतं..."

"चुका कसल्या! टिंबंच उरली नाहीत. सात वर्षं पोरं बोटं फिरवतायत, दबणार नाहीत तर काय? नवीन मूल आलं की जुनी सांगतात, आधी हेच घे. बाकीचं पुस्तक ढकलू दोन-चार वर्षं. पण एकशे बारावं पान पार सपाट झालंय. तेवढं नव्याने कराल? मूळ पुस्तकही आणलंय."

काकूंचे कान तापले. वादळात अडकलेला नावाडी आणि दीपगृहवाल्याची मुलगी जिन्यात एकमेकांना भेटतात, ते पान. ते गाळावं की ठेवावं म्हणून काकू दोन दुपारी टोचणी धरून नुसत्या बसल्या होत्या. शेवटी, लेखकाने लिहिलेलं गाळणारी मी कोण, म्हणून ओठाला ओठ भिडेपर्यंत सगळं टोचलं होतं.

"काय आहे हो त्या पानावर?" काकांनी पेपर खाली केला.

"वादळ," ग्रंथपाल गंभीरपणे म्हणाले.

काकूंनी पान काढून त्यावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं त्यांनी ब्रेल डोळ्यांनीच वाचलं होतं. बोटाला कधी जमलं नाही. आज तर बोटाला लागण्यासारखं काही नव्हतंच. किती जणांनी घासून घासून नेलं होतं ते! त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

मग म्हणाल्या, "पस्तिसावं कुठलं देताय?"

काकांनी पेपर पुन्हा वर केला, पण हसण्याने तो हलत होता.

त्याच दुपारी मनगटाला पट्टी गुंडाळून काकूंनी एकशे बारावं पान नव्याने टोचलं. एक नाही, तीन प्रती. पोरांचा काय भरवसा!