चाळिशीची ठकी

ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तेरा वर्षांच्या लेकीच्या, ठकीच्या, फोनला कुलूप तिनेच घातलं होतं. नवं ॲप घ्यायचं म्हटलं की आधी आईच्या फोनवर विचारणा यायची. ठकी तिला ‘जेलरबाई’ म्हणायची.

मग कायदा आला. सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांच्या ॲपांवर बंदी. चेहरा दाखवून वय पटवायचं. बस चालवणारा नवरा म्हणाला, “आता सरकारच दारात उभं आहे. तू कशाला पोरीशी उभा दावा मांडतेस? काढ ते कुलूप.”

तिलाही रोजच्या कटकटीचा वीट आला होता. तिने काढलं.

एका दुपारी ती कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. ठकी फोन समोर धरून गळ्यात पडली. “आई, इकडे बघ ना. आता डावीकडे. आता डोळे मिचकाव.”

“काय गं, माकडचेष्टा करायला लावतेस?” म्हणत तिने हसतहसत सगळं केलं. कितीतरी दिवसांनी पोरगी लाडात आली होती.

ॲपच्या लेखी ठकी चाळिशीची बाई झाली. अनोळखी माणसं थेट बोलू लागली. त्यातल्या एकाने आधी कौतुक केलं, मग फोटो मागितले, मग धमक्या दिल्या. ठकीने शाळेत जायचंच सोडलं, तेव्हा कुठे घरात कळलं. तोवर त्याने पसरवलेले फोटो वर्गभर फिरले होते.

कंपनीने कळवलं, खातं प्रौढ व्यक्तीचं आहे. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी स्क्रीन पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

“ताई, हा चेहरा तुमचाच ना?”

“माझाच. पण पोर लहान आहे हो माझी.”

“तक्रार घेते मी. पण फोटो कुठं कुठं गेलेत, ते आता कोण गोळा करणार?”

घरी आली तर नवरा ठकीच्या फोनला पुन्हा कुलूप घालत होता.

“वरातीमागून घोडं कशाला?”

“काहीतरी करायला नको का गं?” म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं.

आत ठकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्या उशाशी बसली.

“आई, आपण दुसरीकडे राहायला जाऊया?”

“जाऊ, बाळा.”

“तिकडच्या मुलांकडे फोन नसतील ना?”

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.